एकोणीस पोरांचं एकच उत्तर

चहा घ्या आधी. बिस्किटंही घ्या. आणि माझी फजिती ऐकायची असेल तर नीट मांडी घालून बसा, ही उभ्याउभ्या उरकायची गोष्ट नाही. एरवी मी दुसऱ्यांच्याच सांगत असते, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक आहे. आज स्वतःची सांगते. मी नाही सांगितली तर ती एकोणीस पोरं सांगतीलच, आणि पोरं कशी मीठमसाला लावून सांगतात ते काय मला माहीत नाही? त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमचा पाडा वेवजीच्या अंगाला. इथून गुजरात इतका जवळ की पडवीत बसले तर फोन महाराष्ट्राचा आणि न्हाणीपाशी गेले की गुजरातचा. बाजार गुजरातेतल्या उंबरगावचा, कचेरीचं काम तलासरीला, दुखलंखुपलं तर डहाणू. आमचे हे चिकूच्या वाडीत कलमं बांधतात. तीस वर्षं झाली. त्यांनी बांधलेली कलमं आज कुठल्या कुठल्या गावात फळ देतात.

शेजारच्या घरात वर्षा भाड्याने राहते. आमच्या शाळेवर पाचवीला शिकवते. पोरं तिला बाई म्हणतात, मी वर्षा म्हणते, ती मला सुमनकाकू. सांगलीकडची पोर, इथे येऊन जेमतेम वर्ष झालं. तिची खिडकी आणि माझी पडवी अगदी समोरासमोर. आता खिडकी समोर असल्यावर दिसणारच ना? मी काय डोळे मिटून भांडी घासू?

तर एका सोमवारी वर्षा मीटिंगहून आली ती पिशवी आपटतच. मी लगेच भांडी टाकली आणि हात पुसत गेले. म्हटलं, "काय गं? कोण बोललं?"

"काकू, तो चष्मेवाला गुरुजी आहे ना, शेजारच्या शाळेचा. मी म्हटलं, नवीन घटक सुरू करायच्या आधी मुलांना काय माहीत आहे ते बघायला हवं. तर सगळ्यांसमोर म्हणतो कसा, मॅडम, पाड्यावरच्या मुलांना काय माहीत असणार? कोरी पाटी. आपण लिहू ते उमटेल."

"मग तू गप्प बसलीस?"

"गप्प कशी बसेन? म्हटलं, माझ्या मुलांना भरपूर माहीत आहे, दाखवते. तर केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, छान, शुक्रवारी आम्ही सगळे तुमच्याच वर्गात येतो." आणि एकदम तिचा आवाज बारीक झाला. "नाही दाखवता आलं तर काकू, माझं हसं होईल त्याचं काही नाही. पण मुलांच्या कपाळावर कायमचं लिहिलं जाईल, कोरी पाटी म्हणून."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "अगं, मी आहे ना."

तेव्हाच कोणीतरी माझं तोंड बांधून मला कोठीच्या खोलीत टाकायला हवं होतं.

बुधवारी वर्षा झेरॉक्स काढायला तलासरीला गेली होती, ती दुपारी येऊन कागद टेबलावर ठेवून परत शाळेत पळाली. जाताना चावी माझ्याकडे दिली, म्हणाली, "काकू, दूधवाला आला तर तेवढं दूध घेऊन आत ठेवा." दूधवाला आला. मी दूध आत ठेवलं. दूध ठेवायला टेबलाशी जावंच लागतं. टेबलावर कागद होते. मी वाचले नाहीत हो, ते आपोआप वाचले गेले.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'नवीन झाड कसं तयार होतं?' आणि खाली प्रश्न. चिकूचं झाड कशापासून तयार करतात? भाताची रोपं लावणीआधी कुठे वाढवतात? केळीचं नवीन झाड कुठून येतं? आणि चौथा प्रश्न तर दोनदा वाचला गेला. मोहाच्या फुलांचं तुमच्या घरी काय करतात?

आता तुम्हीच सांगा. हा काय साहेबांसमोर विचारायचा प्रश्न आहे? मोहाच्या फुलांचं आमच्याकडे काय करतात ते काय मला सांगायला हवं? एकोणीस पोरं एकोणीस आज्यांची नावं घालून इत्थंभूत लिहितील. भट्टी कुठे लागते तेसुद्धा लिहितील. चष्मेवाला गुरुजी ते वाचणार, साहेब वाचणार. वर्षाची अब्रू, पोरांची अब्रू आणि पाड्याची अब्रू, तिन्ही एका झेरॉक्सवर.

आणि बाकीचे प्रश्न तरी? पोरं आपली घरची उत्तरं लिहिणार. घरचं ते घरचं, शाळेचं ते शाळेचं. मी सातवी पास आहे, मला कळतं. आमच्या वेळी मी एकदा गुरुजींना म्हटलं होतं की आमच्या घरी नांगराला अमुक म्हणतात, तर गुरुजींनी मला अख्खा तास उभी केली होती. पुस्तकात आपलं घर नसतं, एवढं मी त्या तासात शिकले.

मग काय, मी कंबर कसली. मुलाची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. झाडांचा धडा शोधला. पहिल्याच पानावर चित्र होतं, एक गोरा गुटगुटीत मुलगा कुंडीत बी पेरतो आहे. झालं. सगळी उत्तरं त्या चित्रातच मिळाली.

संध्याकाळी शाळा सुटून पोरं घरी जायच्या वाटेवर होती, तेवढ्यात मी त्यांना अंगणात वळवलं. उकडलेले चणे ठेवले होते, त्यामुळे एकही पोर चुकलं नाही. वर्षा शाळेतच थांबली होती, शुक्रवारची तयारी करत. मला भलताच हुरूप आलेला. पदर खोचला, हातात चुलीशी पडलेली बारीक काठी घेतली. मारायला नाही हो, दाखवायला.

"सांगा, चिकूचं झाड कशापासून होतं?"

सोनाली म्हणून एक पोरगी आहे, दोन वेण्या, जीभ माझ्यासारखीच. ती चणे चावत म्हणाली, "रायणीच्या रोपावर बांधतात ना काकू. काकाच बांधतात. आमचा बाबा पण जातो त्यांच्यासोबत."

"हे घरचं झालं. शाळेत काय लिहायचं? बियापासून."

"पण काकू, बियाचा चिकू आपल्याकडे कोणी लावत नाय."

"वाडीत नाही लावत. कागदावर लावायचा. म्हणा सगळे, बियापासून."

"बियापासून," सगळे म्हणाले.

"भाताची रोपं कुठे वाढवतात?"

"राबात," एकजात सगळे ओरडले. राब म्हणजे पालापाचोळा, टहाळे, शेण पसरून जमीन भाजायची आणि त्या राखेत भात पेरायचा. ही पोरं चालायला लागली की राबाला टहाळे ओढायला लागतात.

"राब नाही म्हणायचं. कुंडीत."

सोनालीने चणा तोंडाशीच थांबवला. "काकू, कुंडीत? किती कुंड्या लागतील?"

"तुला काय करायचंय? कुंडीत म्हण."

"कुंडीत," सगळे म्हणाले, पण जरा घाबरतच.

केळीला पोरं म्हणाली, बुंध्याशी पिल्लं येतात, ती काढून लावायची. मी म्हटलं, रोपवाटिकेतून. शब्द कसा भारदस्त. तीनदा घोकून घेतला. आणि मोहाच्या फुलांना काय सांगितलं असेन? सांगितलं, देवाला वाहतात. कोपऱ्यातल्या एका पोराने विचारलं, "सगळी?" म्हटलं, "सगळी. टोपलीच्या टोपली."

तेवढ्यात आमचे हे वाडीतून आले. अंगणात एकोणीस पोरं एका सुरात 'चिकू बियापासून' म्हणताहेत हे ऐकून ते उंबऱ्यावर थबकले. हातातली कलमाची सुरी बघितली, पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हे काय चाललंय?"

"शाळेचं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

ते बिचारे पाय धुवायला गेले.

शुक्रवार उजाडला. मी वर्षाला म्हटलं, साहेबांचा चहा माझ्याकडून. किटली भरली आणि वेळेच्या अर्धा तास आधीच शाळेत हजर. चहा द्यायला म्हणून वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. आत सतरंजीवर पोरं, भिंतीशी खुर्च्यांवर साहेब आणि दहा-बारा शिक्षक, मधोमध तो चष्मेवाला गुरुजी मांडीवर वही घेऊन. वर्षाचा चेहरा कसा उजळलेला. मला वाटलं, पोरी, तुला अजून माहीतच नाही तुझं किती चांगलं होणार आहे.

तिने कागद वाटले. म्हणाली, "मुलांनो, ही परीक्षा नाही. मार्क नाहीत. चूक-बरोबर काही नाही. तुम्हाला जे माहीत आहे तेच लिहा, म्हणजे मला कळेल पुढे काय शिकवायचं."

परीक्षा नाही? मी किटली या हातातून त्या हातात घेतली. चूक-बरोबर नाही? मग मी बुधवारी काय केलं?

मी खिडकीतून सोनालीला खुणावलं. मान हलवली, हात हलवले, राहू दे, राहू दे म्हणून. ती शहाणी पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि दोन बोटं वर केली. म्हणजे काकू, सगळं पाठ आहे.

पंधरा मिनिटांनी वर्षाने कागद गोळा केले. पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसरा. मग भराभर खालचे उलटत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं तेज दिवा विझावा तसं गेलं. साहेबांनी हात पुढे केला, तिने गठ्ठा दिला. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "भाताची रोपं कुंडीत वाढवतात. कुंडीत. कुंडीत. कुंडीत."

चष्मेवाला गुरुजी हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. "बघा मॅडम. बाप भात लावतो आणि पोर म्हणतं कुंडीत. मी काय म्हटलं होतं?"

वर्षाने पोरांकडे बघितलं. पोरांनी तिच्याकडे बघितलं. पोरं बिचारी शाबासकीची वाट बघत होती.

मला वाटलं, तशीच किटली घेऊन उंबरगावला पळावं आणि महाराष्ट्रात परत येऊच नये. पण साहेबांनी कागद उलटला.

मागच्या बाजूला काही होतं हो. मी मागची बाजू बघितलीच नव्हती. दूध ठेवायला गेलेली बाई कागद उलटून कशाला बघेल? मागे वर्षाने विचारलं होतं, 'हे तुला कोणाकडून कळलं? आई, बाबा, आजी, शेतात बघून, की आणखी कोणी?'

साहेबांनी वाचलं. "सुमनकाकू." दुसरा कागद. "सुमनकाकू." तिसरा. "सुमनकाकूने चणे दिले आणि सांगितलं." चौथा. "सुमनकाकू म्हणाली घरचं लिहू नका." साहेबांनी गठ्ठा खाली ठेवला, परत उचलला. "मॅडम, ह्या सुमनकाकू कोण?"

एकोणीस माना खिडकीकडे वळल्या. एकोणीस बोटंही. पोरं आमची खरंच फार प्रामाणिक आहेत.

"या आत," साहेब म्हणाले.

मी आत गेले, किटलीसकट. वर्षा माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "काकू, का?"

म्हटलं, "अगं, मला वाटलं परीक्षा आहे. आणि तो मोहाचा प्रश्न... पोरं काय काय लिहितील म्हणून. आणि शाळेत घरचं चालत नाही ना."

मग वर्षाला काय सुचलं कोण जाणे, साहेबांना म्हणाली, "सर, मला दहा मिनिटं द्या." आणि मला म्हणाली, "काकू, बसा मुलांमध्ये."

मी बसले. सोनालीने सरकून जागा दिली.

"काकू, सांगा बघू. चिकूचं झाड कशापासून तयार करतात?"

आता बघा. माझा नवरा तीस वर्षं कलमं बांधतो. माझ्या घरात रायणीची रोपं पिशव्यांत लावून ठेवलेली असतात, मी रोज त्यांना पाणी घालते. पण समोर फळा, भिंतीशी साहेब, नाकात खडूचा वास. माझं वय एकदम अकरा झालं. उभी राहिले, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बियापासून."

सोनालीला राहवलंच नाही.

"बाई, काकू खोटं सांगते. बुधवारपासून खोटं सांगते. चिकू रायणीवर बांधतात."

"कसा बांधतात?" वर्षाने लगेच विचारलं.

सोनालीने एक पेन्सिल घेतली, शेजारणीची दुसरी घेतली. "ही रायण. पिशवीत असते. ही चिकूची फांदी. चिकूच्या झाडाशी मांडव करून रायणीची पिशवी त्यावर ठेवायची. मग दोघांची साल अशी तासायची, अशी चिकटवायची." आणि तिने स्वतःच्या वेणीची रिबीन सोडून त्या दोन पेन्सिली करकचून बांधल्या. "मग दोनतीन महिने थांबायचं. चिकटलं की चिकूच्या बाजूने खालून कापायचं. रायणीचं डोकं पण कापायचं. मूळ रायणीचं, फळ चिकूचं."

मग जे धरण फुटलं, काय सांगू. एक पोर राबाचं सांगतं, खाली काय घालायचं, वर काय घालायचं, वारा कुठून हवा. दुसरं म्हणतं आमच्याकडे असा नाही भाजत, तसा भाजतात, आणि दोघं भांडतात. केळीची पिल्लं किती ठेवायची, कोणती ठेवायची. वर्षा फळ्यावर लिहीत सुटली. फळा भरला, मग तिने दाराच्या फळीवर लिहिलं.

आणि मोह आला. मी डोळे मिटून घेतले. एक पोर उठलं आणि म्हणालं, "माझी आजी दारू काढते. पण बाई, थोडी फुलं उकडून आम्ही खातो, वाळवून ठेवतो. आणि बियांचं तेल काढतो, त्यात भाकऱ्या तळतात." साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत, ते वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता मान वर करून त्यांनी सोनालीला विचारलं, "पण रायणच का? दुसरं झाड का नाही चालत?"

सोनाली त्यांच्याकडे अशी बघत राहिली जशी मी कुंडीचं सांगताना ती माझ्याकडे बघत होती. "गुरुजी, रायण चिवट असते. पाणी नाय मिळालं तरी मरत नाय. तुम्हाला हे पण माहीत नाय?"

चष्मेवाल्या गुरुजींनी हेही लिहून घेतलं.

साहेब उठताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "पाटी कोरी नव्हती म्हणायची. कोणीतरी पुसली होती." मी किटली पुढे केली. चहा पार गार झालेला. त्यांनी तो तसाच प्यायला, माणूस चांगला.

संध्याकाळी मी वर्षाकडे गेले. चावी तिच्या हातात दिली, म्हटलं, "घे बाई, माझ्याकडे काही ठेवू नकोस." तिने चावी परत माझ्याच मुठीत घातली. म्हणाली, "काकू, खरं सांगू? तुम्ही उभ्या राहून चुकीचं बोलला नसतात तर मुलांनी तोंड उघडलं नसतं. पण एक काम करा. ह्या घटकाला वर्गात येऊन बसा. कुणाला काय येतं ते मी सगळ्यांचं बघितलं, आणि खोलीत एकच माणूस असा निघाला ज्याला मुळापासून शिकवावं लागेल."

तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा पाचवीत जाते. हसू नका, जाते. डबासुद्धा नेते. पण सतरंजीच्या अगदी शेवटच्या रांगेत बसावं लागतं. पुढे बसायला गेले की सोनाली उठून माझं बसकर मागे नेऊन ठेवते. बाईंकडे तक्रारही केली तिने.

म्हणाली, "बाई, काकू उत्तरं सांगतात. आणि सगळी चुकीची सांगतात."